ऑनलाइन संमोहन उपचार : पोटासाठी घ्यावेत का, आणि माणूस पारखायचा कसा?

चिंचगुळ | 3 जून, 22:14

मंडळी, विषय जरा नाजूक आहे. म्हणजे पोटाचा आहे.

मला गेली आठ वर्षं आयबीएस (इरिटेबल बाऊल सिंड्रोम) आहे. ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी : सगळे रिपोर्ट नॉर्मल, फक्त पोट नॉर्मल नाही. सोनोग्राफी झाली, रक्त तपासून झालं, दोन वर्षांपूर्वी कोलोनोस्कोपीही झाली. "तुम्हाला काही नाहीये हो" हे ऐकून ऐकून कान किटले. घराबाहेर पडायचं ठरलं की आदल्या रात्रीपासून कळा सुरू. एकदा चिपळूण-पुणे एसटीने या अवस्थेत जाऊन बघा. कुंभार्ली घाट लागला की उतरायला जागा नाही, आणि कंडक्टरला तिसऱ्यांदा "दादा, जरा थांबवता का" म्हणताना अख्खी गाडी वळून बघते. भाचीचं बारसं बुडालं, मावशीचं सहस्रचंद्रदर्शन बुडालं. आता लोक आमंत्रण देतानाच म्हणतात, "जमलं तर ये हो."

यावेळी पुण्याच्या पोटविकारतज्ज्ञांनी गोळ्या बदलल्या नाहीत. म्हणाले, पोटासाठीची हिप्नोथेरपी, म्हणजे संमोहन उपचार, करून बघा. मला वाटलं चेष्टा करतायत. नव्हते करत. पण इथे जवळपास करणारं कोणी मला सापडलं नाही, आणि दर आठवड्याला पुणं गाठायचं म्हणजे जे दुखणं घालवायचंय तेच घेऊन दर आठवड्याला घाट चढायचा. म्हणून ऑनलाइन.

शोधाशोध केल्यावर तिघं हाती लागले. एक इन्स्टावरचे 'मास्टर'. नावामागे इंग्रजी अक्षरांची मालगाडी, 21 सेशनचं पॅकेज, "आज रात्री 12 पर्यंत निम्म्या किमतीत". दुसऱ्या एक मानसशास्त्रज्ञ बाई. वेबसाइट अगदीच साधी. मी फोन केला तर त्यांनीच मला वीस मिनिटं प्रश्न विचारले. तिसरे म्हणतात, आधी मागच्या जन्मात जाऊन पोटाचं मूळ शोधू.

ऑनलाइन संमोहन खरंच होतं का? आणि विश्वास ठेवायचा तर कशावरून? कुणी घेतलं असेल तर लिहा. सल्ल्यांपेक्षा अनुभव हवेत.

खारी_बुडवून | 3 जून, 22:31

तिसऱ्यांकडे जा. मागच्या जन्मी नक्की काय खाल्लं होतंस ते तरी कळेल. (ह.घ्या.)

पावशेर_शहाणा | 3 जून, 23:02

याचा निकाल 1784 सालीच लागलाय. संमोहनाचं मूळ ज्यांच्यापासून धरतात ते मेस्मर नावाचे डॉक्टर पॅरिसात 'प्राणिज चुंबकत्वा'ने, म्हणजे अंगातल्या कुठल्याशा अदृश्य प्रवाहाने, लोकांना बरं करत होते. फ्रान्सच्या राजाने समिती नेमली, त्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए होते. त्यांनी काय केलं? रुग्णाला कळू न देता चुंबकत्व 'दिलं', तर काही झालं नाही. न देताच दिलं म्हणून सांगितलं, तर लोकांना झटके आले. खेळ खलास. पुढची दोनशे चाळीस वर्षं नुसती पाटी बदलत आलीय. आता ती झूमवर लावतात.

ताई, पैसे वाचवा आणि ईसबगोल घ्या.

चिंचगुळ | 3 जून, 23:10

ईसबगोल! आठ वर्षांत हे कुणी सुचवलंच नव्हतं बघा.

निशिगंधा_म | 4 जून, 09:47

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. संमोहन वापरते, पण रोज नाही. आधीच सांगितलेलं बरं.

पावशेर, समितीचा निष्कर्ष तुम्ही अर्धाच सांगितलात. चुंबकत्व नाही, हे त्यांनी म्हटलंच. पण जे होतंय ते कल्पनेमुळे होतंय, असंही म्हटलं. मेस्मरचा धंदा त्याने बसला. आमचं कुतूहल मात्र तिथूनच सुरू होतं. नुसत्या कल्पनेने माणसाला झटका येत असेल, तर तीच कल्पना नीट वापरून आतड्याला शांत करता येईल का?

चिंचगुळताई, तुमच्या डॉक्टरांनी हवेत तीर मारलेला नाही. संमोहनाच्या नावावर लोक काय काय विकतात, पण त्यातल्या त्यात ज्यावर बरं काम झालंय असा आजार म्हणजे आयबीएसच. मँचेस्टरच्या पीटर व्हॉरवेल यांनी 1984 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पहिला अभ्यास छापला. रुग्ण 30च होते, पण औषधांनी हटत नाही असा आजार असलेले. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2008 च्या मार्गदर्शिकेत लिहिलं, की वर्षभर औषधं घेऊनही फरक नसेल तर मानसिक उपचारांचा विचार करा. त्यात हिप्नोथेरपीचं नाव आहे.

काम कसं चालतं ते थोडक्यात. आयबीएसमध्ये आतडं जरा जास्तच कान टवकारून असतं. इतरांना जाणवतही नाही एवढ्या हालचालीला ते कळ म्हणतं, मेंदू घाबरतो, घाबरला की आतडं आणखी आवळतं. संमोहनात लक्ष एका जागी आणून, पोटावर हात ठेवून, ऊब, संथपणा अशा सूचना पुन्हा पुन्हा दिल्या जातात. घरी रोज ध्वनिफीत ऐकून सराव करायचा असतो. एका बैठकीत कुणी बरं होत नाही. तसं सांगणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा.

मँचेस्टरचा_मामा | 4 जून, 14:20

आमच्या गावाचं नाव निघालं म्हणून लॉगिन केलं.

हिने सहा वर्षांपूर्वी इथे हे उपचार घेतले, एनएचएसमधून, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेतून. रांगेत बरेच महिने गेले, पण झालं. आधी वाटलं होतं साखळीला बांधलेलं घड्याळ डोळ्यांसमोर हलवतील. प्रत्यक्षात एक मध्यमवयीन बाई, खुर्ची, आणि गुडघ्यावर पांघरूण. ही म्हणते, "झोप नाही लागत. दुपारी गाडीत डोळे मिटून बसल्यावर कसं सगळं ऐकू येतं पण उत्तर द्यावंसं वाटत नाही, तसं असतं." पूर्ण बरी नाही, पण आता लग्नाला गेल्यावर पहिल्यांदा बाथरूम शोधत नाही.

ऑनलाइनबद्दल : इथल्याच लोकांनी स्काइपवरून करून बघितलं आणि 2019 मध्ये छापलं. रुग्ण 20च होते. त्यातल्या 65 टक्क्यांना फरक पडला, समोरासमोर घेणाऱ्यांत 76 टक्क्यांना. म्हणजे थोडं डावं, पण चिपळूणहून पुण्याला जाण्यापेक्षा नक्कीच बरं. नंतर 6 बैठका की 12 अशीही तुलना झाली, त्यात 6वाले मागे पडले नाहीत. त्या 21 च्या पॅकेजवाल्याला हे कळवा.

आणि विलायतेत सगळं आलबेल आहे असं समजू नका. 'हिप्नोथेरपिस्ट' ही पाटी इथे कुणीही लावू शकतो. कायद्याने राखलेला शब्द नाही तो.

अण्णा_गडहिंग्लज | 4 जून, 19:55

आमी कॉलेजात हुतो तवा गॅदरिंगला एक संमोहनवाले आलते. स्टेजवर दहा पोरं बोलावली, त्यात मी. "तुमच्या हातात सफरचंद आहे, गोड आहे, खा." हातात कांदा. मी खाल्ला. आख्खा. सगळं कॉलेज टाळ्या पिटतंय.

आता चाळीस वर्षांनी खरं सांगतो. मला कांदा हाय हे ठाऊक हुतं. नाकातनं पाणी येत हुतं की! पर समोर हजार माणूस, शेजारचा मन्या पण चावतोय, कसं न्हाई म्हणायचं? आणि गंमत म्हंजे तवा तो लई वाईट लागलाबी न्हाई. हे कसं ते आजून कळलं न्हाई.

म्हणून ताई, ताबाबिबा कुणी घेत न्हाई. उठून जावंसं वाटलं असतं तर गेलो असतो. भीती घालू नका बाईला.

निशिगंधा_म | 4 जून, 20:30

अण्णा, तुमचा किस्सा मी विद्यार्थ्यांना सांगणार आहे, परवानगी द्या. लाज किती आणि संमोहन किती, याचं भांडण आमच्यात अजून मिटलेलं नाही. सूचनेला खूप चटकन प्रतिसाद देणारे साधारण 10 ते 15 टक्के लोक असतात. स्टेजवाले सुरुवातीला "हात घट्ट जोडा, आता सुटणार नाहीत" वगैरे करतात ना, ते त्यांनाच निवडून काढायला. दवाखान्यात निवड नसते, जो येईल तो आपला.

अण्णा_गडहिंग्लज | 4 जून, 20:41

द्या की सांगून. फकस्त मन्याचं नाव काडा. सरपंच झालाय तो.

सांजसावली | 5 जून, 00:18

मला चटका बसलाय म्हणून लिहिते. नाव कुणाचंच घेणार नाही.

लॉकडाऊननंतर मला झोप लागत नव्हती. ऑनलाइन एक गृहस्थ सापडले, तीनशे रिव्ह्यू, सगळे पाच तारे. (पुढे लक्षात आलं, निम्म्या रिव्ह्यूंत एकच शुद्धलेखनाची चूक होती.) 36 हजार आगाऊ, यूपीआयवर, पावती नाही. पहिल्याच बैठकीत म्हणाले, "तुमच्या मनात लहानपणचं काहीतरी दडलंय, आपण ते बाहेर काढू." मी म्हटलं, मला फक्त झोप हवीय. तर म्हणे, हा विरोधच त्याचा पुरावा. चौथ्या बैठकीपर्यंत मला माझ्या एका काकांबद्दल अंधूक काहीतरी 'आठवायला' लागलं होतं. ते काका माझ्या जन्माआधीच वारले होते, हे आईने सांगितलं म्हणून मी त्यातून बाहेर आले. आई नसती तर?

पैसे मागितले तर "तुमची ऊर्जा तयार नव्हती". नंबर ब्लॉक. पैशाचं सोडा, झोप आणखी उडाली ती वेगळीच.

निशिगंधा_म | 5 जून, 08:15

सांजसावली, हे लिहिलंत म्हणून खूप आभार. हाच खरा धोका आहे, आणि तो ताबा जाण्याच्या भीतीपेक्षा फार मोठा आहे. संमोहित माणसाला जास्त आठवत नाही. जे आठवतं त्याची खात्री मात्र जास्त वाटते, खरं असो वा खोटं. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी तर संमोहनाशिवायच, नुसतं पुन्हा पुन्हा विचारून, काही प्रौढांना लहानपणी मॉलमध्ये हरवल्याची न घडलेली आठवण 'आणून' दाखवली. मग डोळे मिटवून, ज्याच्यावर भरवसा ठेवलाय त्यानेच सुचवलं तर काय होईल?

त्यामुळे चिंचगुळताई, तिसऱ्या गृहस्थांना वगळाच. मागच्या जन्मात आतड्याचं मूळ नसतं.

खारी_बुडवून | 5 जून, 08:40

माझ्या आतेबहिणीने केलं होतं ते मागच्या जन्माचं. पेशव्यांच्या दरबारात सरदारीण निघाली. तिच्या ग्रुपमध्ये एकूण सात सरदार, दोन राण्या आणि एक ऋषी. मागच्या जन्मी कुणीच तलाठी नव्हतं, कुणी भांडी घासत नव्हतं. मग महाराष्ट्र चालवत कोण होतं?

कडूलिंब_एमडी | 5 जून, 13:05

मी फिजिशियन. घाईत लिहितोय, ओपीडी आहे.

धागा वाचून आणखी कुणी हा मार्ग धरणार असेल तर आधी निदान पक्कं करा. शौचावाटे रक्त, वजन आपोआप उतरणं, रक्ताल्पता, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यातलं काहीही असेल तर संमोहन नंतर, तपासणी आधी. चिंचगुळ यांचं ते झालेलं दिसतंय. मनोविकृतीचा आजार असेल, भास होत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय नको. अपस्मार (फिट्स) असेल तर तो आधीच सांगा.

डॉक्टर असल्याचा दावा करत असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. टेलिमेडिसिनच्या 2020 च्या नियमांप्रमाणे तो पावतीवर, संकेतस्थळावर, व्हॉट्सॲपवरही दाखवायचा असतो. मागितल्यावर जो चिडला, त्याचं उत्तर मिळालं असं समजा.

पावशेर_शहाणा | 5 जून, 13:30

आयबीएसचं मान्य करतो, मँचेस्टरचे आकडे वाचले. पण मग सिगारेट सोडवणारे, वजन उतरवणारे, दहावीला 95 टक्के आणून देणारे, ते?

निशिगंधा_म | 5 जून, 14:02

सिगारेटबद्दल कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय अभ्यासांचा एकत्र आढावा घेणाऱ्या संस्थेने, 2019 मध्ये सगळे अभ्यास चाळले. इतर उपायांपेक्षा संमोहन सरस आहे असं म्हणण्याजोगा पुरावा नाही, असं निघालं. दहावीचं मला विचारू नका, माझा मुलगा आत्ताच दहावीत गेलाय.

आता पारखायचं कसं, त्याबद्दल. आमच्या क्षेत्रात एक जुना दंडक आहे : जो आजार तुम्हाला संमोहनाशिवाय हाताळता येत नाही, तो संमोहनानेही हाताळू नका. म्हणजे समोरच्याची मूळ विद्या बघा. मानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, डॉक्टर असेल तर संमोहन ही त्याच्या बटव्यातली एक मात्रा. मूळ विद्याच नसेल तर बटव्यात ती एकच, मग तीच ताप, कर्ज, घटस्फोट सगळ्यावर उगाळली जाते.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. क्रमांक विचारा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर नाव तपासा. मानसशास्त्रात नुसतं एम.ए. केलेला माणूस चांगला समुपदेशक असू शकतो, पण तो स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवू शकत नाही. संमोहनासाठी मात्र आपल्याकडे अशी वेगळी वैधानिक परिषद नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचं नोव्हेंबर 2003 चं एक पत्र पुष्कळ जण 'सरकारमान्य' म्हणून झळकवतात. योग्य प्रशिक्षण घेतलेल्याने हे उपचार करावेत एवढंच त्यात आहे. पत्र लॅमिनेट केल्याने प्रशिक्षण होत नाही.

तुमच्या दुसऱ्या बाईंनी वीस मिनिटं प्रश्न विचारले, हे मला आवडलं. पोटासाठीचं संमोहन आधी किती जणांना दिलंय, फरक नाही पडला तर कितव्या बैठकीला थांबायचं, तुमच्या पोटविकारतज्ज्ञांशी बोलतील का, हे विचारून बघा. आणि कॉल मध्येच तुटला तर काय करायचं, हेही. नीट काम करणारा माणूस हे तुम्ही विचारण्याआधीच सांगतो.

मधली_सुट्टी | 5 जून, 22:50

एवढे पैसे कशाला? ॲप येतात की. रेकॉर्ड केलेलं ऐकायचं. मी एक वापरलं, ठीक वाटलं. कांदा-लसूण-गहू बंद करायचा तो फॉडमॅप आहारही केला होता, पण आमच्याकडे कांदा बंद म्हणजे कायमचा चातुर्मास. सासूबाईंना वाटलं मी अनुग्रह घेतला.

मँचेस्टरचा_मामा | 6 जून, 03:12

सुट्टीताई, ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठवाल्यांनी 2016 मध्ये या दोन्हींची तुलना केली होती, आहार आणि संमोहन. दोन्हींचा गुण जवळपास सारखा आला. तेव्हा कांदा खाऊन ॲप ऐका. अण्णांना विचारा हवं तर, गोड लागतो.

चिंचगुळ | 18 जुलै, 21:36

दीड महिन्याने उगवतेय, माफी असावी.

दुसऱ्या बाईंकडे सुरुवात केली. आरसीआयचा क्रमांक त्यांनी मागण्याआधीच पाठवला. प्रत्येक बैठकीचे वेगळे पैसे, 1500, पावतीसकट. पहिल्या दिवशी संमोहन झालंच नाही. घरी त्या वेळी कोण असतं, त्याचा नंबर, मी कुठे बसणार, दार लागतं का, कॅमेऱ्यात माझा चेहरा आणि हात दोन्ही दिसतील असं ठेवा. लाइन तुटली तर घाबरायचं नाही, मनात पाच ते एक मोजून डोळे उघडायचे, पाच मिनिटांत त्या साधा फोन करणार. हे दोनदा म्हणवून घेतलं माझ्याकडून.

दुसऱ्या बैठकीला ऐन भरात सासूबाईंचा कुकर. पहिली शिट्टी झाली आणि मी दचकले. बाई त्याच आवाजात, तितक्याच सावकाश म्हणाल्या, "आणखी शिट्ट्या होतील. प्रत्येक शिट्टीला खांदे थोडे अजून सैल." तीन शिट्ट्यांत मी जी काय सैलावले! आता स्वयंपाकघरात शिट्टी झाली की आपोआप खांदे पडतात. हा दुष्परिणाम की सुपरिणाम, निशिगंधाताईंनी सांगावं.

पण मला लिहायचं होतं ते वेगळंच. तिसऱ्या बैठकीआधी त्या म्हणाल्या, पोटासाठी आम्ही बहुतेक वेळा नदीचं चित्र वापरतो. संथ वाहणारी, अडथळ्यांशिवाय पुढे जाणारी. तुम्हाला नदी चालेल ना?

मी गप्प. बाजारपुलापासून आमचं घर चालत सात मिनिटांवर आहे. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी आमच्या पहिल्या मजल्याच्या पाचव्या पायरीपर्यंत होती. सासऱ्यांना आम्ही गच्चीवर नेलं, फ्रिज तरंगत जिन्याला धडकत होता, तो आवाज रात्रभर. पोटाचं दुखणं त्याच्या आधीपासूनचं आहे, पण पुरानंतर दुप्पट झालं हे मी कुठल्याच डॉक्टरला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

बाई म्हणाल्या, "मग नदी नको. तुमच्या घरात सावकाश होणारी गोष्ट कोणती?" मी म्हटलं, पेज. आजी चुलीवर करायची, निखाऱ्यावर, उकळी येऊ न देता. तर आता माझ्या पोटात नदी नाही, पेज आहे. मंद आच, मध्येच एखादा बुडबुडा.

सुट्टीताई, ॲपला हे कसं कळलं असतं?

मधली_सुट्टी | 18 जुलै, 21:58

नसतं कळलं. माझ्या ॲपमध्ये नदीच आहे.

पावशेर_शहाणा | 18 जुलै, 22:20

काही बोलत नाही. फरक किती पडला ते तेवढं सांगा.

चिंचगुळ | 18 जुलै, 22:44

पाच बैठका झाल्या, एक राहिलीय. कळा येतात, पण पूर्वी आठवड्यात पाच दिवस यायच्या, आता दोन. एक बैठक वीज गेल्याने अर्धवट राहिली, पाच ते एक मोजले, डोळे उघडले, समोर काळोख. दोन मिनिटांत फोन आला. सहावीनंतर पुढे काय ते ठरवू म्हणाल्या, आणखी बैठकांचा आग्रह नाही.

परवा मुद्दाम एसटीने कराडपर्यंत जाऊन आले. पाटणला एकदा उतरले.

अण्णा_गडहिंग्लज | 18 जुलै, 22:51

पाटणात गाडी तशीबी थांबतीया. ते धरायचं न्हाई.